डावीकडची चटणी

"नशीब काढलंस बाई," असं मला निदान पन्नास जणींनी म्हटलं असेल. म्हातारपणी नवरा घरच चाकांवर घालून फिरवतोय, आत गॅस, आत पलंग, वर पंखा. मनात येईल तिथं थांबायचं, देवदर्शन करायचं, पुढं निघायचं. मी आपली हसून "व्हय बाई" म्हणायची. दुसरं काय म्हणणार? दीड महिना मी सातारा आणि सांगली जिल्हा फिरले. काय काय पाहिलं विचाराल, तर रस्त्याची डावी बाजू पाहिली. खड्डे, साइडपट्ट्या, म्हशी, उसाच्या ट्रॉल्या. औंधपासून सांगलीपर्यंतची डावी बाजू माझी तोंडपाठ आहे. उजवीकडं काय होतं ते देवाला ठाऊक.

आमचे हे चौतीस वर्षं एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर होते. मी कोरेगावजवळ आमच्या गावात अंगणवाडी चालवायची. हे रिटायर झाल्यावर काही वर्षांनी मीही कामातून मोकळी झाले, तसा मुलगा आम्हाला पुण्याला घेऊन गेला. नववा मजला. मुलगा गुणाचा, सून त्याहून गुणाची, खोटं कशाला बोलू? पण चार महिन्यांत ह्यांचं तोंड शिळ्या भाकरीसारखं झालं. सकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे, आणि खाली चौकात बस वळली की, "सव्वाआठची आली. सहा मिनिटं लेट." त्यांना विचारलं होतं कुणी? एक दिवस नऊ मजले जिन्यानं उतरून गेले ते वर येईचनात. जाऊन बघते तर वॉचमनच्या खुर्चीत बसलेले, गेटातून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघत. मला बघून म्हणाले, "हितं जरा बरं वाटतंय." त्या दिवशी मीच मुलाला म्हटलं, बाबा रे, आम्हाला गावाकडं सोड.

गावी आल्यावर ह्यांनी एक जुनी सतरा सीटची गाडी पैदा केली. सीटा काढल्या, पलंग बसवला, मागं स्वयंपाकाला ओटा, टपावर पाण्याची टाकी. आणि सगळ्यात आधी काय बसवलं असेल, तर घंटी! ह्यांच्या निरोपाच्या दिवशी डेपोतल्या लोकांनी भंगारात निघालेल्या एका गाडीची घंटी भेट दिली होती. ती ह्यांनी स्वतःच्या डोक्यावर टांगली आणि तिची दोरी छताला धरून माझ्या सीटवरनं पार मागच्या ओट्यापर्यंत नेली. एक टोला म्हणजे थांबा, दोन टोले म्हणजे चला. "डबल बेल दिल्याबिगर गाडी हलणार न्हाई," म्हणाले.

"आवं, आपण दोघंच तर आहोत. तोंडानं सांगीन की."

"तोंडानं सांगायला तू काय पॅशिंजर हाईस?"

झालं. पासष्टाव्या वर्षी मी कंडक्टर झाले.

मुलानं फोनवर एकच अट घातली. "आई, आण्णांची गाडी कुठं नुसती घासली तरी मला कळव. मी येऊन तुम्हाला घेऊन जाईन आणि गाडी विकून टाकीन." फोन स्पीकरवर होता. ह्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "गाडी हाय तवर आपुन हाय."

पहिला मुक्काम औंध. यमाईच्या डोंगराच्या पायथ्याला गाडी लावली, मी पडदे सोडले आणि भाताला आधण ठेवलं. दार उघडून बघते तर बाहेर सात-आठ बायकांची रांग! पुढचीनं दंडावरची बाही वर केलेली. "बीपीच तपासताय न्हवं?" पांढरी गाडी, पडदे, दारात मी, बायांना वाटलं दवाखान्याची फिरती गाडी आली. मी हसून हसून ओट्याला टेकले. ह्यांनी मात्र पार कडक आवाजात सांगितलं, "ही गाडी इनाथांबा हाय." बाया माझ्याकडं बघतायत, मी ह्यांच्याकडं. तेवढं पोटभर हसले मी त्या सहलीत. नंतर नाही.

कारण त्याच दुपारी जेवताना हे म्हणाले, "चटणी वाढली न्हाईस?"

चटणी ताटात होती. डावीकडं, मिठाशेजारी, जिथं ती आमच्या लग्नापासून असते. "काय आवं, डोळ्यापुढं हाय की." ह्यांनी मान वळवली, पार खांद्यापर्यंत, तेव्हा त्यांना ती दिसली. "व्हय की," म्हणाले आणि जेवायला लागले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी डावीकडचा तांब्या लवंडला. आणि औंधातून बाहेर पडताना डाव्या अंगानं एक मोटारसायकलवाला आला, त्याला ह्यांनी असा दाबला की तो गटारीत जाता जाता वाचला. "आंधळा हाईस का रं म्हाताऱ्या?" असं ओरडून गेला. ह्यांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. माझ्या डोळ्यापुढं मात्र ताटातली चटणी आली.

माझ्या थोरल्या भावाला असंच झालं होतं. काचबिंदू. समोरचं लख्ख दिसतं, लांबच्या दुकानाची पाटी वाचता येते, आणि कडेचं गुपचूप जात राहतं. दुखत नाही, खुपत नाही. डॉक्टर त्याला म्हणाले होते, गेलं ते परत येत नाही, उरलेलं औषधानं टिकतं. पण तुम्ही उशीर केलात.

आता सांगा, मी काय करायचं होतं? बोलले तर नववा मजला, वॉचमनची खुर्ची आणि ते शिळ्या भाकरीचं तोंड. गप्प बसले तर एखाद्या घरचं माणूस आमच्या चाकाखाली, आणि ह्यांचे डोळे रोज थोडे थोडे कमी. इकडं आड तिकडं विहीर, आणि मधे मी पट्टा लावून बसलेली.

मग मी बोलायला लागले. अंगणवाडीत तक्ता धरून आयुष्य गेलं माझं, हे काय, हा बैल, हे काय, ही बस. तेच सुरू केलं. "अगंबाई, डावीकडं शेरडं बघा किती गोंडस!" "डाव्या अंगाला सायकलवर आजोबा चाललेत, धोतर किती पांढरं ठेवलंय." "ट्रॉली उभी हाय बघा डावीकडं, काय गच्च भरलाय ऊस." हे म्हणायचे, "लय बडबडतीस गं. कान किटले." पण गाडी बरोबर उजवीकडं घ्यायचे. आणि चटणी मी उजवीकडं वाढायला लागले. माझ्या सासूबाईंनी बघितलं असतं तर ताट भिरकावलं असतं. हे काहीच म्हणाले नाहीत. मला वाटलं, बरं झालं, लक्षात आलं नाही.

गाडीत पलंग होता, पण चालत्या गाडीत मी त्याला पाच मिनिटं पाठ टेकली नाही. डोळा लागला तर? माण तालुक्यात गेलो, दहिवडी-म्हसवडकडं, तेव्हा वाटलं इथं जरा सुटका होईल, माळच माळ आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. कुठलं काय! एका वळणावर डावीकडून मेंढरांचा कळप. मी मेंढी न् मेंढी नाव घेतल्यासारखी सांगितली. कळप राखणारी बाई गाडीत डोकावून म्हणाली, "लेकरं न्हाईत व्हय तुमास्नी, आसं गाडीत ऱ्हाताय?" हे म्हणाले, "हाय की एक. त्याच्यापास्नंच पळालोय." तिला ते लय पटलं. म्हसवडला देवापुढं हात जोडून उभी राहिले आणि काय मागावं तेच कळेना. ह्यांचे डोळे मागू, की गाडी बंद पडू दे म्हणू? मागची बाई म्हणाली, मावशी, सरका. मी काही न मागताच सरकले.

विट्याला मुलाचा फोन आला. "आई, काय काय बघितलं?"

"सगळं बघितलं रे."

"आण्णा नीट चालवतात ना?"

"एकदम फर्स्ट क्लास," मी म्हटलं. पोराशी खोटं बोलले. हे शेजारीच काच पुसत होते. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि पुसलेलीच काच परत पुसायला लागले.

सांगलीला पोचेपर्यंत माझ्या घशाचे बारा वाजले होते. गणपतीचं दर्शन झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाला म्हणून सांगायला तोंड उघडलं तर नुसती हवा. हे हसले. "हॉर्न बंद पडला जणू!" मग स्वतःच मिठाचं गरम पाणी करून दिलं, हळदीचं दूध दिलं. आवाज काही आला नाही. मी खुणेनं सांगितलं, आज इथंच राहू.

"बसून काय करायचं? हरिपूर हितं तर हाय. संगम बघू."

मी त्यांची बाही ओढली. नको. हात जोडले. ते आपल्या सीटवर जाऊन बसले, गाडी चालू केली आणि समोर बघत म्हणाले, "कंडक्टर, टाइम झालाय." चाळीस वर्षांत ह्यांनी माझ्यावर कधी आवाज चढवला नाही आणि एकदा ठरवलेलं कधी मोडलंही नाही. मी दोन टोले दिले. ती डबल बेल मी दिली, याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

हरिपूरचा रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना झाडं. मी एका हातानं दोरी धरून बसले होते. एवढ्यात डावीकडच्या बोळातून एक बाई निघाली, डोक्यावर ओल्या वैरणीचा हा एवढा भारा. भाऱ्यामुळं तिला मान वळवता येईना, आणि ह्यांना मान वळवल्याशिवाय दिसेना. मी ओरडले. म्हणजे तोंड उघडलं. आवाज आलाच नाही.

मी दोरी ओढली. एक टोला.

चौतीस वर्षांचा पाय आहे तो. विचार करायच्या आधी ब्रेकवर गेला. मागं पातेली धडाधड कोसळली. गाडी जागच्या जागी उभी राहिली आणि हे वैतागून म्हणाले, "हितं कुठला आलाय स्टॉप?"

मी डावीकडं बोट केलं. त्यांनी मान वळवली, पार खांद्यापर्यंत. बाई बंपरपासून हातभर अंतरावर उभी होती. भारा सावरत म्हणाली, "आवं, दिसत न्हाई का तुमास्नी?" आणि रस्ता ओलांडून गेली.

ह्यांचे हात स्टिअरिंगवरच होते. इंजिन चालू. मागं एक ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवून कंटाळला आणि बाजूनं निघून गेला. हे समोर बघत थांबले होते. कशासाठी थांबलेत ते मला कळत होतं. दोरी माझ्या हातात होती.

"दे की डबल," हळूच म्हणाले.

मी मान हलवली. नाही. रडू येत होतं, तेही मेलं आवाजाशिवाय. मग ह्यांनी दोरीविनाच गाडी जराशी कडेला घेतली, बंद केली, किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली.

"चटणी तू उजवीकडं वाढाय लागलीस, तवाच कळलं मला."

असा संताप आला मला! मग इतके दिवस का नाही बोललात? बोलता येईना म्हणून मी त्यांच्या दंडावर बुक्क्या मारल्या, दोन, चार, किती कोण जाणे. त्यांनी मारू दिल्या.

"तू तर दिसभर बोलत व्हतीस की," म्हणाले. "समदं बोललीस. ही एक गोष्ट सोडून."

मग त्यांनीच फोन लावला. मुलगा घाबरून विचारत होता, काय झालं आण्णा, गाडी बंद पडली का? "गाडीला काय धाड भरलीय?" हे म्हणाले. "ड्रायव्हर बंद पडलाय. ये न्यायला."

तर आता आम्ही नवव्या मजल्यावर असतो. सकाळ-संध्याकाळ मी ह्यांच्या डोळ्यांत थेंब घालते. डॉक्टर म्हणाले, गेलं ते गेलं, उरलेलं राहील. चटणी मी परत डावीकडं वाढते. हे मान वळवून शोधतात आणि सापडली की माझ्याकडं बघतात. सकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसतात. चौकातली बस डाव्या अंगानं वळून येते. ती त्यांना आता मान वळवल्याशिवाय दिसत नाही, नुसता आवाज येतो. मी तव्यावरची पोळी तशीच टाकून बाहेर जाते.

"आली का गं?"

"आली," मी म्हणते. "डावीकडून. निम्मी रिकामी हाय."

"किती लेट?"

मी आत जाऊन घड्याळ बघून येते आणि सांगते.