सहा आऱ्यांचा सूर्य

इरा आणि निहार,

टेंभुर्णीहून पुण्याला संसार मांडायला निघाले तेव्हा माझं ड्रेसिंग टेबल तीन तुकड्यांत एसटीच्या टपावर बांधलेलं होतं आणि त्याचा आरसा गोधडीत गुंडाळून माझ्या मांडीवर होता. लग्नाला पंधरा दिवस झाले होते. बाबा, म्हणजे तुमचे पणजोबा, खिडकीशी येऊन म्हणाले, "आरसा बराबर धर. अन् रडू नको, काचेवर डाग पडतेत." मी रडले नाही. गोधडीचा कोपरा मात्र सरकला, आणि मागच्या काचेतून दिसणारी आई धूळ उठेपर्यंत आरशात लहान लहान होत गेली.

हे सांगायचं कारण, इराने नव्या घरासाठी ते टेबल मागितलं आणि मी फोनवर लगेच 'देते' म्हणून बसले.

जालन्यातल्या एका मारवाडी व्यापाऱ्याच्या घरी बाबांनी तसं टेबल पाहिलं होतं. गोल आरसा, दोन्ही बाजूंना पायऱ्यांसारखे उतरत जाणारे खण, खाली अर्धा उगवता सूर्य. मुंबईत ती फॅशन जाऊन जमाना झाला होता. आमच्याकडे ती तेव्हा पोचत होती. बाबांनी कागदावर चित्र काढून किसनमामा सुतारांना दिलं. त्यांची हयात बैलगाड्या करण्यात गेलेली. किरणं टोकाकडे रुंद व्हायला हवी होती. मामांनी ती चाकाच्या आऱ्यांसारखी, एकाच जाडीची, सहा बसवली. बाबांनी विचारलं तर म्हणाले, "सहा आरे म्हंजे अर्धं चाक. ओझं पेलतंय."

पुण्यात मोठ्या जाऊबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "काय गं, माहेराहून बैलगाडीचं चाक आणलंस की काय?" सगळे हसले, मीही हसले. दुसऱ्या दिवशी मी त्या सूर्यावर भरतकामाचा रुमाल टाकला. पुढे शाळेत इंग्रजी शिकवू लागले, घरात सनमायकाची कपाटं आली, आणि टेबल भावाकडे परत पाठवून दिलं. अडचण होते, असं मी म्हणाले. खरं तर लाज वाटत होती.

तुमच्या आईच्या कॉलेजच्या दिवसांत त्या टेबलासारखीच पायऱ्यापायऱ्यांची, अर्ध्या सूर्याची कानातली निघाली. ती मीच तिला हौसेने घेऊन दिली आणि टेबलाचं नाव काढलं नाही. आता तिसऱ्यांदा तोच सूर्य, इराने टोरांटोच्या दुकानातून पाठवलेल्या फोटोत. "आजी, तुझ्या टेबलाची आर्ट डेको फॅशन परत आलीय!"

गेल्या आठवड्यात टेंपो ठरवूनच टेंभुर्णीला गेले. टेबल पुढच्या खोलीत होतं, तेल लावून पुसलेलं, सूर्य उघडा. आरशाच्या कडेने टिकल्यांची रांग होती. भावजयीने सांगितलं की टेबल परत आल्यापासून गल्लीतली प्रत्येक मुलगी याच्यासमोर नटते आणि सासरी निघताना एक टिकली इथे लावून जाते. काही टिकल्यांचा रंग पार उडाला आहे, पण पुसताना ती त्यांना धक्का लागू देत नाही.

"न्या ताई, तुमचंच हाय," ती म्हणाली. "फक्त शेजारच्या पूजाचं लग्न होऊ द्या. मंग न्या."

पूजाच्या मागे आणखी कुणी असणारच. मी टेंपो रिकामा परत पाठवला. मी लाजेने धाडलेल्या वस्तूला या बाईने इतका मान दिला होता. तिच्याआधी उठून मी चहाचे कप विसळले.

इरा, शब्द मोडला, माफ कर. टेबलाचं एकेक माप घेतलं आहे, चौकटीच्या कागदावर काढून सोबत पाठवते. तिथल्या सुताराकडून करून घे. तो किरणं सुधारायला जाईल, तेवढं करू देऊ नकोस. सहाच ठेव, एका जाडीची. आणि आरशाच्या कडेला जागा सोड.

इतकी वर्षं माहेर म्हटलं की मला आरशात लहान होत गेलेली आई दिसायची. आता ती रांगही दिसते. तिच्यात माझी टिकली नव्हती. मी तर आरसाच घेऊन निघाले होते. त्या दिवशी निघताना कपाळावरची काढली आणि शेवटच्या टिकलीच्या खाली लावली.

भावजय म्हणाली, "लई उशीर केला, ताई."