कांद्यासारखे निवडलेले बाण

उरणच्या मैदानावर माझ्या लेकीने, शुभांगीने, प्रमुख पाहुण्यांवर बाण रोखला होता, ही गोष्ट खरी आहे. त्यात तिचा काडीचाही दोष नव्हता, हीसुद्धा तितकीच खरी आहे. पण ती आजवर कोणी सांगितली नाही. सांगू शकणारा माणूस जगात एकच होता आणि तो मठ्ठा पीत गप्प बसला होता. तो माणूस मी.

आमच्याकडच्या प्रत्येक लग्नात हा किस्सा जिलबीबरोबर वाढला जातो. वाढपी ठरलेला : माझा मेव्हणा दत्ता. तो पंगतीत उभा राहून डावा डोळा बारीक करतो, हवेत धनुष्य ओढतो आणि म्हणतो, "आमच्या शुभीची नजर अशी, की समोर वाघ आला तर शेजारचं झाड मरायचं." पंगत हसते. शुभीही हसते. आणि मी सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसतो. दोषी माणसाला जरा जास्तच मोठ्याने हसावं लागतं.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. आम्ही साताऱ्याकडचे, मी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात एका गाळ्यावर दिवाणजी होतो. राहायला नेरूळला. तेव्हा नेरूळमध्ये माणसं कमी आणि रिकामे प्लॉट जास्त. अशाच एका प्लॉटवर एक सर मुलांना तिरंदाजी शिकवायचे. शुभी शाळेतून येता येता तिथे थांबायला लागली आणि महिन्याभरात घरी जाहीर केलं, की ती तिरंदाज होणार.

"पोरगी झाडू धरायला सांगितला तर हात दुखतात म्हणते," माझी बायको मालती म्हणाली, "आणि धनुष्य ओढणार."

सरांनी तिला क्लबचं एक बांबूचं धनुष्य वापरायला दिलं. अगदी हलकं, कमी पाउंडाचं. (दोरी पूर्ण ओढायला किती जोर लागतो ते पाउंडात मोजतात. हिचं धनुष्य म्हणजे तिरंदाजीतली बालवाडी.) बाण मात्र ज्याचे त्याने आणायचे होते. सरांनी मला मुद्दाम बोलावून समजावलं.

"काका, महाग बाण अजिबात घेऊ नका, गरज नाही. साधे लाकडी चालतील. फक्त एक बघा : धनुष्य हलकं आहे, तर बाण पण हलके हवेत आणि मऊ हवेत. हातात धरून दाबले की जरा वाकले पाहिजेत."

"मऊ?" मी विचारलं.

"मऊच. कडक घेऊ नका."

मी मान डोलावली. आणि मनात म्हटलं, बिचाऱ्याला व्यवहार कळत नाही. उभी हयात मी कांदा निवडण्यात घालवली होती. गोणीत हात घालायचा, दाबायचं. कडक लागला तर माल, मऊ लागला तर उकिरडा. मऊ माल पैसे देऊन विकत घ्यायचा सल्ला मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होता, आणि तोही एका शिकलेल्या माणसाकडून.

रविवारी मी एकटाच मुंबईला खेळाच्या सामानाच्या दुकानात गेलो. शुभी येते म्हणत होती. तिला म्हटलं, "तू कशाला? खरेदी हा मोठ्यांचा विषय आहे."

दुकानदाराने लाकडी बाणांचा गठ्ठा पुढे टाकला. मी बाही सरसावली आणि एकेक बाण दोन्ही हातांनी दाबून बघायला लागलो. वाकला, की डावीकडे. नाही वाकला, की उजवीकडे. दुकानदार बराच वेळ बघत होता.

"काका, बच्चे के लिए चाहिए ना? तो ये उलटा कर रहे हो."

"आम्हाला शिकवू नका," मी म्हणालो. "मार्केटचा माणूस आहे मी."

मग भाव ठरवायची वेळ आली. आमच्या मार्केटात तेव्हा भाव तोंडाने बोलत नसत. रुमालाखाली हात धरून बोटं दाबून ठरवत, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. सवयीने मी काउंटरवर रुमाल पसरला आणि दुकानदाराचा हात त्याखाली ओढला. त्याने असा झटकन काढून घेतला, की मला माझ्या चारित्र्याचीच काळजी वाटली. पण त्या धक्क्यात त्याने भाव मात्र उतरवला. वर सांगितलं, की हे कडक बाण तगड्या पैलवानांच्या धनुष्याचे असून कोणी घेत नाही म्हणून पडून आहेत. पडून असलेला कडक माल आणि तोही स्वस्तात! मी उडायचाच बाकी होतो.

घरी आल्यावर मालतीला म्हणालो, "सर म्हणत होते मऊ आणा. मी म्हटलं, आपल्या पोरीला काय कमी करायचं?"

दुसऱ्या दिवशीपासून शुभीचे सगळे बाण डावीकडे जायला लागले.

एखादा जाणं वेगळं. सगळेच्या सगळे, शिस्तीत, रांगेत डावीकडे. तिच्या टार्गेटला स्पर्श न करता शेजारच्या मुलीच्या टार्गेटवर. शेजारच्या मुलीची प्रगती बघून तिचे आईबाप भारावून गेले होते. त्याच आठवड्यात सर कुठल्याशा महिनाभराच्या शिबिराला गेलेले, आणि त्यांच्या गैरहजेरीत उपचाराची सूत्रं आमच्या घराण्याने हाती घेतली.

मालतीने दृष्ट काढली. दत्ताने निदान केलं, की दप्तर डाव्या खांद्यावर घेते म्हणून शरीर तिकडे झुकतं. तेव्हा दप्तर उजव्या खांद्यावर आलं. मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत. मी म्हणालो, तरीही काहीतरी द्या. त्यांनी वैतागून साध्या काचेचा चष्मा दिला. बाणांकडे मात्र कोणीही संशयाने पाहिलं नाही, कारण ते मी निवडले होते.

"अण्णा, माझंच काहीतरी चुकतंय," शुभी एकदा रडवेली होऊन म्हणाली. "उरणला विभागाच्या संघाची निवड आहे. मला जायचंच आहे हो."

तेव्हा मला माझ्या आयुष्यातली सर्वोत्तम कल्पना सुचली. "हे बघ, बाण ठरलेलंच अंतर डावीकडे जातो ना? मग तू तेवढाच नेम उजवीकडे धर. उजव्या शेजारणीच्या टार्गेटवर धर, तो तुझ्यावर येईल."

आणि तसंच झालं. उजवीकडच्या शेजारणीच्या बरोबर मध्यावर नेम धरला, की बाण हिच्या मधल्या पिवळ्या वर्तुळात. शुभी नाचायला लागली. मी कॉलर ताठ केली.

निवडीच्या दिवशी एसटीने उरणला पोहोचलो. सर शिबिरातून थेट तिथे आले होते. शुभीचा नंबर आला सगळ्यात उजव्या टोकाच्या टार्गेटवर. त्याच्या उजवीकडे टार्गेट नव्हतं. तिथे, नेमबाजी जवळून दिसावी आणि फोटो चांगले यावेत म्हणून संयोजकांनी (त्यांच्या अकलेपुढे माझी अक्कलही लाजावी) पाहुण्यांचा मांडव घातला होता. मध्ये खुर्चीवर प्रमुख पाहुणे, गळ्यात झेंडूचा हार.

शुभीने मागे वळून दोरीपलीकडे उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. "अण्णा, उजवीकडे टार्गेट नाही. माणसं आहेत."

"माणसांकडे कशाला बघतेस?" मी म्हणालो. "तू तुझा नेम बघ."

आज्ञाधारक पोरगी. तिने धनुष्य उचललं आणि अगदी शांतपणे, श्वास रोखून, प्रमुख पाहुण्यांच्या हाराच्या मधल्या झेंडूवर नेम धरला.

पंच उरणचेच एक गृहस्थ होते. त्यांच्या तोंडातली शिट्टी गळून पडली. "अगं बाय, कुनावर धरतंस? सायेब हाय तो, सायेब!"

मांडवात एकच धावपळ. प्रमुख पाहुणे टेबलाखाली गेले. त्यांच्याआधी तिथे संयोजक पोहोचले होते. त्या गोंधळात दचकून शुभीच्या हातून बाण सुटला आणि सरळ जाऊन तिच्याच टार्गेटच्या पिवळ्या वर्तुळात, ऐन मध्यात रुतला. दिवसभरातला तो सर्वांत अचूक बाण. पण तो कोणी पाहिला नाही, कारण पाहणारे सगळे टेबलाखाली होते.

तिला तिथल्या तिथे बाद केलं.

सर टार्गेटमधला बाण काढून माझ्याकडे आले. मला एका बाजूला नेलं. दोन्ही हातांनी बाण दाबला. तो हूं का चूं करेना.

"काका, बाण सुटताना धनुष्याच्या दांड्याला वळसा घालून जातो. त्यासाठी तो थोडा वाकावा लागतो. हलक्या धनुष्याने हा वाकणारच नाही, घासून डावीकडेच जाणार. पोरीचा नेम पहिल्यापासून सरळ होता. हे कोणी निवडले?"

थोड्या अंतरावर दत्ता आणि चार-पाच पालक माझ्याकडेच बघत उभे. एका वाक्यात सगळं संपलं असतं. मी म्हणालो, "तिनेच. ऐकते कुठे?"

"तिला सांगा, बाण बदल. पोरगी चांगली आहे," सर म्हणाले.

मी ते सांगितलं नाही. परतीच्या एसटीत शुभीने तो चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "अण्णा, माझी नजरच वाकडी आहे. राहू दे." पुढच्या आठवड्यात, सर नसतानाची वेळ साधून, तिने धनुष्य क्लबला परत केलं. मी म्हणालो, "जशी तुझी इच्छा." माझ्या समजूतदारपणाचं तेव्हा घरात कौतुक झालं होतं.

परवा रविवारी शुभी तिच्या लेकीला घेऊन जेवायला आली. नातीचं नाव रेवा. सीवूड्सला तिरंदाजीचा वर्ग निघालाय, मी जाऊ का, असं ती विचारत होती.

"नको गं," शुभी म्हणाली. "आपल्या घराण्यात नजर वाकडी. दत्तामामांना विचार."

मी घास ताटात परत ठेवला. मग सगळं सांगितलं. मऊ, कडक, रुमाल, सर, सगळं.



"म्हणजे माझी नजर सरळ होती?" शुभीने विचारलं.

"होती."

"आणि चष्मा?"

"साधी काच."

"आणि मी दर शनिवारी दृष्ट काढत होते," मालती म्हणाली, "ती हिची काढून काय उपयोग? ज्याची काढायची तो तर शेजारी बसून पोहे खात होता."

शुभी हसली नाही. ताटावरून उठली, हात धुऊन आली आणि म्हणाली, "अण्णा, चपला घाला. रेवाचे बाण घ्यायचेत."

मला भरून आलं. दुकानात तिने स्वस्तातल्या लाकडी बाणांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. "निवडा."

"मी?"

"तुम्हीच. मार्केटचा माणूस आहात."

हाताची सवय सुटत नाही. एकेक बाण दाबून मी मनापासून दोन ढीग केले. उजवीकडे मला पसंत पडलेले कडक, डावीकडे नाकारलेले.

शुभीने दुकानदाराला हाक मारली. "हे उजवीकडचे परत ठेवा. डावीकडचे बांधा."

माझ्या पारखीवर घरातल्या कोणी इतका डोळे मिटून विश्वास टाकण्याची ही पहिलीच वेळ.