जनतेच्या आग्रहास्तव

माझं कमरेचं दुखणं जुनं आहे. डॉक्टर विचारतात, नोकरी कसली होती? मी सांगतो, बियाण्याच्या कंपनीत होतो, जळगाव आणि धुळे दोन्ही जिल्हे एसटीने पालथे घातले. ते मान हलवतात आणि गोळ्या लिहून देतात. माझं उत्तर अर्धंच असतं. त्यातली बरीचशी फिरती मी बियाण्यासाठी केलीच नाही, एका गिटारवाल्यासाठी केली. पण साठी उलटलेल्या माणसाने दवाखान्यात बसून हे सांगायचं म्हणजे आपणच आपलं हसं करून घेणं.

त्याला पहिल्यांदा ऐकलं ते जळगावच्या एका कृषी प्रदर्शनात. आमचा स्टॉल नेमका स्टेजसमोर आला होता. दुपारी शेतकरी शिदोरी उघडून सावलीला बसले की मंडप ओस पडायचा, तो भरावा म्हणून आयोजकांनी ऑर्केस्ट्रा ठेवला होता. गाणारी बाई साडी बदलायला आत गेली की मधली चार मिनिटं भरून काढायला एक उंच, हडकुळा तरुण पुढे यायचा. खांद्यापर्यंत केस आणि गळ्यात लाल इलेक्ट्रिक गिटार. आमच्याकडे तेव्हा रॉक म्हणजे काय हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं. केस लांब आणि गिटारचा आवाज मोठा, म्हणजे रॉक. लोक त्याला रॉकवालाच म्हणायचे.

तो एका हिंदी सिनेमातली धून वाजवायचा. सुरुवात अगदी सगळे वाजवतात तशी. मग मध्येच तो ती धून सोडून द्यायचा, एकेक तार ताणून भलतीकडेच निघून जायचा, आणि आता हा परत येत नाही असं वाटेस्तोवर बरोबर मूळ जागी येऊन उभा राहायचा. पहिल्या दिवशी मी एका आजोबांना तुरीऐवजी भेंडीचं पाकीट दिलं. दुसऱ्या दिवशी ते परत करायला आले तेव्हाही तो वाजवत होता, म्हणून मी त्यांना थांबवून ठेवलं. पाच दिवसांत मी ती धून पाच वेळा ऐकली आणि वेडा झालो. दुसरा शब्द नाही.

मी धुळ्याचा. लग्न होऊन दोन वर्षं झालेली. पुढच्या महिन्यात कुठे कुठे जाणार याचा टूर प्रोग्रॅम आम्हाला आधीच ऑफिसला पाठवावा लागायचा. मी ऑर्केस्ट्राची पोस्टरं बघून तो भरायला लागलो. ते चोपड्याला, तर माझं कपाशीचं प्रात्यक्षिक चोपड्याला. ते साक्रीला, तर मला साक्रीतच विक्रेत्यांची बैठक घ्यायची असायची. साहेबांना वाटे, पोरगा मेहनती आहे. भडगाव, शिरपूर, यावल, पारोळा, जिथे यात्रा, मेळावा, गॅदरिंग, तिथे मी. एसटीच्या मागच्या सीटवर बसून मांडीवर बियाण्याची बॅग घेऊन मी जे धक्के खाल्ले, त्यांची वसुली आता कंबर करते आहे.

आणि एवढं करून मी त्याच्याशी एक शब्द बोललो नव्हतो. लाज वाटायची. काय सांगणार, भाऊ, मी तुमच्या चार मिनिटांसाठी नव्वद किलोमीटर आलो? त्यापेक्षा तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसायचं, ऐकायचं आणि परतीची गाडी शोधायची.

बायको कपडे धुवायला काढण्यासाठी माझी बॅग उघडायची आणि त्यातून ऑर्केस्ट्राची पत्रकं काढून ओळीने खाटेवर मांडून ठेवायची. भांडली कधी नाही. एकदाच विचारलं, "घरना पत्ता याद शे ना?" मी हसून वेळ मारून नेली. ती हसली नव्हती.

पहिल्या वर्षाच्या शेवटी भडगावला मी स्टेजमागच्या टपरीवर चहा पीत होतो. शेजारी ऑर्केस्ट्राचे मालक आणि त्यांचा निवेदक बोलत होते. मालकांना सगळे नाना म्हणत. नाना म्हणाले, "गिटार सुरू झाली की लोकं उठून लघवीला जातात. पुढच्या सीझनला त्याला काढू, त्या जागी मिमिक्रीवाला घेऊ." निवेदक म्हणाला, "हो नाना." माझ्या हातातला चहा गार झाला. दोन बशा आपटून, एक शिंक काढून, पुढाऱ्याचा आवाज काढणारा माणूस त्याच्या जागी येणार, या कल्पनेनेच मला संताप आला. नानांना जाऊन सांगावं असं वाटलं. पण माझं कोण ऐकणार?

स्टेजखाली स्टुलावर पत्र्याचा एक डबा असायचा. ज्याला जे गाणं हवं त्याने त्याची चिठ्ठी त्यात टाकायची आणि निवेदकाने ती वाचायची. त्या दिवशी मी गिटारच्या धूनसाठी पहिली चिठ्ठी टाकली. एकट्याच्या चिठ्ठीला कोण विचारतो, म्हणून खाली सही केली, 'भडगावचे समस्त रसिक'. मग आणखी दोन टाकल्या, एक डाव्या हाताने लिहून.

त्यानंतर मला ते व्यसनच लागलं. पारोळ्याला 'बाजार समितीमागील मित्रमंडळ', शिरपूरला 'कॉलेजचे विद्यार्थी', साक्रीला चक्क 'महिलावर्ग'. निळी शाई, काळी शाई, पेन्सिल. वहीची पानं वेगवेगळी. धुळ्याकडच्या एका गावासाठी तर अहिराणीत लिहिली, "भाऊ, ती गिटारनी धून वाजाडा, आम्ही बठ्ठा त्यानाकरताच येल शेतस." चोपड्याच्या चिठ्ठीत दम भरला होता, ती धून झाल्याशिवाय आम्ही जागचे हलणार नाही. निवेदक घसा साफ करून म्हणायचा, "खास जनतेच्या आग्रहास्तव," आणि जनता तिसऱ्या रांगेत बॅग मांडीवर घेऊन मान खाली घालून बसलेली असायची.

मिमिक्रीवाला आलाच नाही. चार मिनिटांची सात झाली. पोस्टरवर गिटारचं चित्र आलं. पुढे पुढे लोक खरोखरच टाळ्या वाजवायला लागले, वन्स मोअर देऊ लागले. रोज 'खास आग्रह' ऐकला की माणसाला वाटतं, काहीतरी असेल बुवा यात. मी खूश होतो. आपण एका माणसाला तारलं, आणि त्याला ते माहीत नाही, याचंच मला फार मोठेपण वाटायचं.

पण तिसऱ्या वर्षी मी थकलो. विक्री घटली होती, साहेबांची पत्रं यायची. मुलगी झाली होती आणि मला पाहून रडायची. धूनसुद्धा आता पहिल्यासारखी पोटात शिरत नव्हती. तो भलतीकडे जायचा ती वाट मला पाठ झाली होती. खरं सांगायचं तर ती त्यालाही पाठ झाली होती. एकदा यावलला तो वाजवता वाजवता मनगटावरचं घड्याळ बघत होता. तरी मी जात राहिलो. मी चिठ्ठ्या टाकल्या नाहीत तर त्याला काढतील, ही भीती डोक्यात पक्की बसली होती.

तशात पारोळ्याच्या स्टँडवर सकाळी आठ वाजता तो माझ्या शेजारी येऊन बसला. त्या दिवशी एदलाबादला केळी उत्पादकांचा मेळावा होता. आताचं मुक्ताईनगर, आम्ही एदलाबादच म्हणायचो. पाहुणे येईपर्यंत लोक धरून ठेवायला ऑर्केस्ट्रा बोलावला होता. आदल्या दिवशी पारोळ्यात कार्यक्रम झाला होता, त्यांच्या टेम्पोत सामान फार झालं म्हणून त्याला एसटीने यायला सांगितलं होतं. लाल गिटार खाकी पिशवीत घालून त्याने दोन गुडघ्यांमध्ये धरली होती. तीन वर्षं ज्याच्या मागे फिरलो तो माणूस मला विचारत होता, "भाऊ, जळगाव गाडी गेली का?"

आम्ही एकाच बाकावर बसून जळगावपर्यंत आणि तिथून पुढेही गेलो. तो रावेरकडचा, घरची केळी. बोलायला मोकळा निघाला. मी बियाण्याचं सांगितलं. त्याने विचारलं, "तुमी ऑर्केस्ट्रा पाहता का कधी?" मी म्हणालो, "कधीमधी." एवढं धडधडीत खोटं मी साहेबांशीही बोललो नव्हतो.

एरंडोल मागे पडल्यावर तो म्हणाला, "मले कटाळा आला बा त्या रोजच्या धूनचा."  मग त्याने सगळं सांगितलं. वर्षभर खपून त्याने स्वतःची एक धून बसवली होती. सिनेमाची नाही, कुणाचीच नाही, पहिल्या सुरापासून त्याची. नानांना दहा वेळा म्हणाला, एकदा वाजवू द्या. शेवटी नानांनी एक पिशवी आणून त्याच्यासमोर पालथी केली. चिठ्ठ्या. "नाना म्हने, वाच. गावोगावचे लोकं एकच मागतात. नवीन एकानं तरी मागतलं का? मंग मी बी वाचल्या. काय करतो? लोकायचं प्रेम हाये." हे म्हणताना तो खिडकीबाहेर बघत होता. प्रेम या शब्दावर त्याने असा काही सुस्कारा सोडला की मला बसमधून उतरून जावंसं वाटलं.

आणि आज काय होतं तेही त्याने सांगितलं. इंदूरहून संगीत देणारे एक वयस्कर गृहस्थ मेळाव्याला येणार होते. त्यांचा वाद्यवृंद होता, त्यांना गिटारवाला हवा होता. त्यांनी कळवलं होतं, सिनेमाच्या धुना मी पुष्कळ ऐकल्या, तुझं स्वतःचं काही असेल तर ऐकव. नाना कसेबसे तयार झाले होते, पण एका अटीवर. आज जुन्या धूनची चिठ्ठी आली नाही तर नवी वाजव. चिठ्ठी आली तर पब्लिकचं ऐकायचं. "आज एक दिवस लोकायनी मले इसरून जावं," तो म्हणाला आणि हसला.

माझ्या शर्टाच्या खिशात तीन चिठ्ठ्या लिहून तयार होत्या. भुसावळच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा मी खाली उतरलो, त्या फाडल्या आणि गटारात टाकल्या. मला एकदम हलकं वाटलं. इतकं सोपं होतं. मीच दार लावलं होतं, मीच उघडलं. परत आलो तेव्हा त्याच्यासाठी चहा घेऊन आलो. म्हणालो, "भाऊ, आज तुमचीच धून होणार." तो म्हणाला, "तुमच्या तोंडात साखर पडो."

दोन वाजता मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. इंदूरचे गृहस्थ पहिल्या रांगेच्या टोकाला बसले होते. मांडीवर पिशवी, कारण त्यांना संध्याकाळची गाडी गाठायची होती. मी दोन वर्षांत पहिल्यांदा रिकाम्या खिशाने बसलो होतो. बाई साडी बदलायला गेली. निवेदकाने डब्यात हात घातला आणि मूठ भरून चिठ्ठ्या बाहेर काढल्या.

त्या माझ्या नव्हत्या. एदलाबादच्या तरुण मंडळाची होती, कुऱ्ह्याच्या मित्रमंडळाची होती, कुणा शाळेच्या गुरुजींची होती. एकीत तर लिहिलं होतं, ती धून झाल्याशिवाय आम्ही जागचे हलणार नाही. माझं चोपड्याचं वाक्य. मंडपामंडपातून वाचलं जाऊन ते कुठल्या कुठे पोचलं होतं. "खास जनतेच्या आग्रहास्तव," निवेदक म्हणाला, आणि आता जनता खरीच होती, हजारभर होती, शिट्ट्या मारत होती.

तो गिटार गळ्यात घालून नुसता उभा होता. मी बॅगेतली पावतीची वही काढली, मागच्या कोऱ्या पानावर लिहिलं, 'आज त्यांची स्वतःची नवी धून ऐकवावी,' आणि लोकांचे पाय तुडवत स्टेजपर्यंत जाऊन निवेदकाच्या हातात दिली. खाली काही सही केली नाही. निवेदकाने ती वाचली आणि त्याला गंमत वाटली. "एक रसिक म्हणतात स्वतःची धून वाजवा. भाऊ, स्वतःची स्वतःच्या घरी वाजवू, इथे जनतेची वाजवू." मंडप हसला. गिटारवाल्याने मात्र मान वर करून गर्दीत इकडेतिकडे पाहिलं. मग त्याने निवेदकाच्या हातातून ती चिठ्ठी घेतली, खिशात घातली आणि जुनी धून वाजवली. दोनदा वन्स मोअर झाला. इंदूरच्या गृहस्थांनी सभ्यपणे शेवटपर्यंत ऐकलं, नानांना नमस्कार केला आणि पिशवी उचलून ते गाडीला निघून गेले.

त्या उन्हाळ्यात त्याने ऑर्केस्ट्रा सोडला आणि केळीत लक्ष घातलं, असं पुढे कुणीतरी सांगितलं. त्याची ती धून मी कधीच ऐकली नाही. दुसऱ्या कुणी ऐकली असेल असंही वाटत नाही.

पण त्या दिवशी मी मंडपातून निघणार तेवढ्यात तो मला शोधत आला. घामाने शर्ट अंगाला चिकटला होता. त्याने खिशातून ती चिठ्ठी काढून माझ्यासमोर धरली. "हे तुमीच लिहेल ना? तुमच्याशिवाय कोनाले ठाऊकच नव्हतं."

मी हो म्हणालो.

"तीन वर्षांत पह्यली," तो म्हणाला. "माझं मागनारी पह्यली चिठ्ठी." आणि त्याने माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्याच्या बोटांना तारांनी घट्टे पडले होते, ते माझ्या हाताला लागले. त्या जुन्या चिठ्ठ्यांचं सांगायला तोंड उघडलं होतं मी. पण तो इतक्या दमलेल्या, इतक्या समाधानी चेहऱ्याने माझ्याकडे बघत होता की मी ते आभार मुकाट्याने घेतले.