सत्काराचं सामान

आमच्या ह्यांचे दोन संसार आहेत. एक माझ्याशी, दुसरा अमरावतीच्या सेवा क्लबाशी. पहिल्यात गैरहजेरी चालते, दुसऱ्यात नाही. परगावी गेलं तरी तिथल्या क्लबाच्या सभेला जाऊन हजेरी भरून काढायची, हा ह्यांचा नेम. लेकीच्या बाळंतपणासाठी त्रिनिदादला जायचं ठरलं, तेव्हा डॉक्टरांनी दिलेली तारीख ह्यांना पाठ नव्हती, पण तिथल्या क्लबाच्या सभेची होती.

लेकीला डोहाळे लागले होते बिबड्यांचे. तेल्हाऱ्याहून, माझ्या माहेरून ज्वारी आणली, आंबवली, शिजवली आणि गच्चीवर पाठ भाजून घेत त्या पापडासारख्या पातळ घातल्या. डबा भरून बॅगेत ठेवला. बडनेऱ्याला गाडीत बसल्यावर कळलं की वजन जास्त होतं म्हणून ह्यांनी तो घरीच काढून ठेवला. त्याच्या जागी शाल, स्मृतिचिन्ह, क्लबाचा झेंडा आणि नारळ.

"अहो, नारळाच्या बेटावर नारळ कावून नेऊन राहिले तुमी?"

"नारळाबिगर सत्कार होते का कुठं?"

नारळ तिकडच्या विमानतळावर तपासणीत काढून घेतला. बाहेर आलो तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नारळाचीच झाडं. बोलून उपयोग असता तर तीस वर्षांत झाला असता.

लेकीनं दारातच विचारलं, "आई, बिबड्या?"

"इसरली वं माय," मी म्हटलं. तिचं तोंड एवढंसं झालं.

सभेला ह्यांनी आम्हा दोघींनाही ओढून नेलं. क्लबाची माणसं एका शाळेच्या भिंती रंगवत होती, तिथल्या पडवीतच सभा. हजेरी कोणी मांडतच नव्हतं. अध्यक्षबाईंच्या कोपरापर्यंत निळा रंग. ह्यांनी त्या उकाड्यात त्यांच्या खांद्यावर लोकरीची शाल घातली, हातात नारळ म्हणून भलंमोठं शहाळं दिलं आणि इंग्रजीत भाषण सुरू केलं. ते काही संपेना. शेवटी स्वतःचा त्याग सांगितला: बायकोनं मुलीसाठी केलेले पापड बॅगेतून काढून ठेवले, पण क्लबाचं स्मृतिचिन्ह आणलंच. बिचाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

लेक माझ्या शेजारीच बसली होती. हळूच म्हणाली, "आई, तू तं म्हने इसरली होती."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बापाचं नाव खराब होऊ नये म्हणून मी खोटं बोलले होते, आणि ह्यांनी तेच चार लोकांत मोठेपणानं सांगितलं.

हे घाम पुसत आले. "कसं झालं भाषण?"

"चांगलं झालं बाबा," लेक म्हणाली. "तुमची हजेरी लागली."

ह्यांनी तिला उठवायला हात पुढे केला. तिनं माझा धरला.