तोंडातली पेन्सिल

"तोंड उघड," मॅडम म्हणाल्या आणि माझ्या दातांत पेन्सिल घातली. आडवी. घोड्याला लगाम घालतात तशी.

कॉलेज रोडवरचा जर्मनचा क्लास. एसी. पंधरा-सोळा जण बघत होते. मला नर्स म्हणून जर्मनीला जायचं होतं, त्यासाठी भाषेची परीक्षा पास होणं भाग होतं. आणि परीक्षेला कोण बसणार हे मॅडम ठरवायच्या.

"आता म्हण. इश."

इश म्हणजे मी. तेवढा शब्द माझ्या तोंडून नीट निघत नव्हता. लाळ गळून ओढणीवर पडली. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मॅडमनी पेन्सिल आणखी आत दाबली. ओठाचा कोपरा फाटला.

"हिचा दोष नाही," त्या वर्गाला म्हणाल्या. "आमच्याकडे तिसऱ्या वर्षापासून स्तोत्रं म्हणून घेतात. जीभ वळते. यांच्याकडे तसं काही नसतं ना."

यांच्याकडे.

आमच्याकडे फुलांचा मळा आहे. झेंडू, शेवंती. आई गंगेवर, नदीच्या घाटावर बसून हार विकते. स्तोत्रं ज्याच्यापुढे म्हणतात त्या देवाच्या गळ्यातला हार तिच्या हातचा असतो. पण हे मला तेव्हा सुचलं नाही. तेव्हा मी फक्त लाळ पुसली आणि पेन्सिल तोंडात तशीच ठेवली. सव्वीस वर्षांची घोडी. आयसीयूत चार वर्षं काढलेली. माणसं हातावर मेली होती माझ्या, आणि मी एका पेन्सिलीला भ्यायले. याची मला आजही लाज वाटते.

घरी आईनं ओठ पाहिला.

"कोनी मारलं?"

"पेन्सिल लागली."

"तोंडात कशी लागली गं?"

मी ओढणी धुवायला घेतली.

पुढच्या आठवड्यात स्वतःची ओळख करून द्यायची होती. मॅडमनी एकच ओळख लिहून दिलेली, सगळ्यांनी तीच घोकायची. वडील नोकरी करतात, आई गृहिणी आहे, मला वाचनाची आवड आहे. माझी पाळी आली. मी म्हणाले, "माइने मुटर फेरकाउफ्ट ब्लुमेन." माझी आई फुलं विकते. वाक्य मी स्वतः जुळवलं होतं. बरोबर होतं.

"हे नको," मॅडम म्हणाल्या. "तिथं रडगाणं ऐकायला कुणी बसलेलं नाही. गृहिणी म्हण."

"पण ती गृहिणी नाही, मॅडम."

"अगं, खोटं नाही ते. नीटनेटकं आहे." आणि टेबलावरची पेन्सिल उचलून त्या माझ्याकडे आल्या. "तोंड उघड."

मी त्यांचं मनगट धरलं. भ्रमात सलाईन उपटणाऱ्या पेशंटचं धरते तसं, अंगठा आत रोवून. या पकडीतून दांडगे गडी सुटत नाहीत. त्यांचा चेहरा पांढरा पडला. पेन्सिल खाली पडली, ती मी चपलेखाली मोडली. खरं सांगते, ती त्यांच्याच दातांत कोंबावी असं मनात आलं होतं. हात त्यांच्या जबड्यापर्यंत गेलाही होता. कसा थांबला, माहीत नाही.

"परीक्षा विसर आता," त्या म्हणाल्या.

मी पेन्सिलीचे तुकडे उचलले, बॅग घेतली आणि निघाले.

तेव्हा माझ्या वॉर्डात एक आजोबा होते. अर्धांगवायूनं वाचा गेलेली. जन्मभर पहाटे स्तोत्रं म्हणणारे, असं त्यांची मुलगी सांगायची. त्यांची जीभ तोंडात ओल्या चिंधीसारखी पडली होती. आम्ही त्यांच्या हातात ग्लास द्यायचो. पाणी म्हणा, आजोबा. ते "पा" म्हणायचे. आम्ही थांबायचो. लाळ गळली की पुसायचो. पुन्हा ग्लास द्यायचो. हसायचं नाही, घाई करायची नाही. सतराव्या दिवशी ते "पाणी" म्हणाले आणि ढसाढसा रडले. मीही रडले. कारण मला संताप आला होता. जीभ मांसाची असते, सगळ्यांची, आणि मी इतके महिने तिला जात लावून घेतली होती.

मी तशीच शिकले. वस्तू हातात घ्यायची, नाव म्हणायचं, थांबायचं, पुन्हा म्हणायचं. सुई, पट्टी, उशी, ताप. ड्युटीवरच्या दोघी मैत्रिणी सोबतीला. फॉर्म भरायला बसले तेव्हा कळलं, तो कुणीही भरू शकतं. मॅडमच्या परवानगीची गरजच नव्हती. कधीच नव्हती.

तोंडी परीक्षेत मी आईचं वाक्य म्हणाले. परीक्षक बाईंनी विचारलं, कोणती फुलं? मी सांगितलं. पास झाले.

निकालानंतर पंधरा दिवसांत कॉलेज रोडवर क्लासच्या खाली फ्लेक्स लागला. 'आमच्या यशस्वी विद्यार्थिनी.' मधोमध मी. फोटो माझ्या प्रवेश अर्जावरचा.

मी आईला सांगितलं. हाराचा दोरा कापायची कात्री तिनं पिशवीतून काढून माझ्या हातात दिली. "लय झालं. कापून आन."

भर दुपारी गेले. चहावाल्याकडे स्टूल मागितलं, चढले आणि माझा चेहरा गळ्यापासून कापायला लागले. फ्लेक्स चरचर फाटत होता. मॅडम धावत खाली आल्या.

"अगं, काय करतेस? लोक बघतायत!"

"बघू दे. तोंड माझंय. घेऊन चालले."

व्हिसा येईपर्यंत मी सातपूरला एका खोलीत सहा मुलींना जर्मन शिकवते. तो कापलेला चेहरा तिथं भिंतीवर खिळ्यांनी ठोकलाय. खाली मोडकी पेन्सिल. पहिल्या दिवशी प्रत्येकीनं आपली आई काय करते ते सांगायचं. भांडी घासते, मशीन चालवते, रस्ता झाडते, जे असेल ते. कुणी लाजून गृहिणी म्हणाली तर मी पुन्हा विचारते.

आणि या पोरींच्या तोंडात कुणी पेन्सिल घातली, इथं किंवा जर्मनीत, तर मनगट कसं धरायचं तेही मी शिकवते. अंगठा आत. यावेळी हात जबड्यापाशी थांबणार नाही.