आयेला घेऊन बांद्याला, सुपासाठी

गोवा मोकळा झाला त्यानंतरच्या एका हिवाळ्यातली ही सहल. आये, म्हणजे माझी सासू, सकाळी चुलीपुढे हात शेकत बसली होती. एकदम म्हणाली, "चल गो, नाताळाक नातालिनकडे जावया."

माझ्या हातातली पळी हातातच राहिली.

नातालिन आमच्या वालावलच्या शाळेत मास्तरीण. राहायला आमच्याच पडवीलगतच्या खोलीत आणि दोन्ही वेळा जेवायला आमच्यातच. पण ती ख्रिस्ती, त्यामुळे आमच्यातलं कुणी तिच्या घरी कधी जेवलं नव्हतं. तेव्हा ते तसंच चालायचं. दर नाताळाला ती बोलवायची, आये "बघूया" म्हणायची आणि नातालिन एकटीच बांद्याची वाट धरायची.

"आये, थंय जेवचा?" मी हळूच विचारलं.

"बसान येवया. फुडचा फुडे."

झालं! त्या "फुडचा फुडे"वर मी मनात मांडे खायला लागले. माझ्या पोटात आधीच नातालिनचं सूप शिरलं होतं. तिनं त्याचं इतकं वर्णन केलेलं की मला स्वप्नातही वाफा दिसायच्या.

आम्ही येणार हे घरी सांगायला नातालिन आधीच पुढे गेली. मागून आम्ही दोघी, वालावलहून कुडाळपर्यंत बैलगाडी, पुढे एसटी. आज तुम्ही रिक्षानं भुर्रकन जाल, पण निघण्याआधी लक्ष्मी-नारायणाच्या तळ्याकाठी घटकाभर बसा. थंडीत पाण्यावरून धुकं उठतं ते फुकटात बघायला मिळतं. आमची एसटी सावंतवाडीला चहासाठी थांबली. तिथली गरम भजी खाल्ली तर जेवणाची भूक मरेल म्हणून मी नको म्हटलं. आयेनं मात्र दोन माणसांची खाल्ली. ही पोट भरून घेतेय की काय? पुढे इन्सुलीच्या घाटात गाडी अशी हेलकावली, की भज्यांचा हिशेब देवालाच ठाऊक.

बांद्यात नातालिनचं घर नदीच्या बाजूला. दारात क्रूस, त्यावर झेंडूची माळ. नातालिनची आई पदराला हात पुसत धावत आली. मी नमस्कार-चमत्कार उरकून थेट स्वयंपाकघरात! काय काय होतं तिथं! बेळगावकडचं गाजर, कोबी, नवलकोल. आम्ही हे फक्त बाजारात लांबून बघायचो. म्हापशाहून आणलेल्या पिठाच्या पोकळ नळ्या, त्यांना मॅकरोनी म्हणतात. ओलं खोबरं नाही, तिरफळ नाही, फोडणी नाही. नुसता कांदा, भाज्या, मिरपूड आणि पाणी. आयेला खुपू नये म्हणून कोंबडी वगळली होती. मी पातेल्यावर इतकी वाकले, की नातालिन म्हणाली, "अगो, नाक बुडात तुझा!"

मग टेबल मांडलं. आये खुर्चीवर चढून मांडी घालून बसली. सुपाच्या खोलगट बशा आल्या. आयेनं एक नळी चमच्यावर उचलून माझ्या कानात विचारलं, "ह्येच्यातला काय काढून घेतल्यांनी गो?"

आणि चमचा खाली ठेवला.

ठेवला तो ठेवलाच. सूप समोर, हात मांडीवर, नजर भिंतीवर. सासूच्या आधी मी कशी सुरू करणार? नातालिनच्या आईचा चेहरा उतरला. नातालिन तर माझ्याकडे बघेचना. सुपावरची वाफ विरत चालली. आता ही "येतंव" म्हणून उठणार, असं मी धरून चालले.

शेवटी नातालिनची आईच हळू आवाजात म्हणाली, "आवाडला नाय काय? ऱ्हवांदे मगे."

"आवाडता काय नाय ता खावन कळतला," आये म्हणाली. "भात खंय आसा? कवाधरना वाट बघतंय!"

"भात? सूप संपल्यार भात!"

"कढी संपल्यार भात? आणि भातार काय घालतलास, माझी टकली?"

आमच्याकडे पातळ जे असेल ते भातावर ओतायचं, उरलेलं शेवटी प्यायचं. त्यांच्याकडे आधी सूप, बशा रिकाम्या झाल्याशिवाय भात हलायचा नाही. दोन्ही घरं आपापल्या रीतीनं अदबीनं वाट बघत बसली होती! नातालिन हसता हसता खुर्चीवरून घसरली. तिच्या आईनं भाताचं तपेलंच उचलून आणलं. आयेनं डोंगर करून मध्ये खळगा केला, त्यात सूप ओतलं आणि हातानं भुरके मारत जेवली. वर सल्लाही दिला, "दोन सोलां टाक गो ह्येच्यात, जीव येयत." नातालिनच्या आईनं खरंच टाकली. तुम्हीही टाकून बघा. गाजराच्या गोडीला आमसुलाची आंबट चव अशी बिलगते, की विचारू नका. खोबऱ्याचा रस मात्र घालू नका. मी नंतर घरी घातला, तेव्हा मॅकरोनीची पेज झाली.

त्या सुपाची मूळ चव आता नीट आठवत नाही. आठवते ती परतीची संध्याकाळ. आम्ही बैलगाडीतून उतरलो तेव्हा शेजारीण दगडी गडग्यावरून डोकावली, "काय गो, खंय गेल्लंस?"

मी गडबडले. काहीतरी गुळमुळीत सांगणार, तेवढ्यात आये लुगडं झटकत, पलीकडच्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "नातालिनगेर. जेवक!"