चिपाडाच्या ढिगावर

कळसजवळ मी गुऱ्हाळ घातलं तेव्हा माझ्यापाशी एक चरक, उसनी बैलजोडी आणि तोंड, एवढंच होतं. तोंडाच्या जोरावर टोळी आणली. आमच्याकडे गुऱ्हाळाची टोळी सगळी मिळून एकदाच बोली करते. एकट्याला बाजूला नेऊन कुणी काही ठरवत नाही.

पुण्याहून आलेल्या अभ्यासकाला हे कुठलं ठाऊक? माणसं मन लावून काम कशामुळे करतात, ते त्याला शोधायचं होतं. आपलं नाव होईल म्हणून मी परवानगी दिली. तो एकेकाला बाभळीखाली नेऊन विचारू लागला, "काय मिळालं तर तू जास्त काम करशील?"

तिसरा गडी परतला आणि चरक थांबला. चुलवाणात जाळ घालणाराही हात झटकून उभा राहिला. काहिलीत रस तापत होता. जाळ विझला असता तर काहिलीभर रसाचं सगळं आधण नासलं असतं.

"काय तमाशा लावलाय?" मी ओरडलो.

गूळ शिजवणारे तात्या टोळीचे म्होरके. ते म्हणाले, "बाभळीखाली कुणाला काय कबूल केलंय, ते हितं सांगा."

"मी कशाला कबूल करू? तो साहेब विचारतोय!"

"साहेब तुमचाच पाव्हणा न्हाय व्हय? मग तुमीच इचारा, समद्यांम्होरं."

समोरच्याला काय हवं हे मी जन्मात विचारलं नव्हतं; विचारलं की भाव चढतो. पण रसाची उकळी बसत चालली होती. विचारलं. मजुरी वाढवायला लागणार, हे मनात धरूनच.

"आधण उतरंस्तवर तुमी काहिलीपाशी यायचं न्हाय," तात्या म्हणाले. "बोंबलायचं बी न्हाय."

"माझ्याच गुऱ्हाळात?"

"लांब बसा, मालक," जाळ घालणारा हसला. "काहील आदीच तापलीया."

मी चिपाडाच्या ढिगावर जाऊन बसलो. पाय ठरेनात. काहिलीत फेस वर आला, मी उठलो. तात्यांनी नुसतं पाहिलं, मी बसलो. जाळ जास्त होतोय असं वाटलं, तरी ओठ दाबून धरले. गूळ उतरला तो सोन्यासारखा. बारामतीच्या बाजारात त्याला कुणी नाव ठेवलं नाही, याचाही मला रागच आला.

पुढे त्या अभ्यासकाचा लेख वाचलेला एक व्यापारी मला हसत म्हणाला, "तुम्ही म्हणे नुसते बसून असता!"

त्या बसण्याला काय लागतं, ते त्या अभ्यासकानं विचारायला हवं होतं. गड्यांना बाभळीखाली नेलं. मला तेवढं नेलं नाही.